मासा इथेच होता

लहान होडीवर बसवायची इलेक्ट्रॉनिक यंत्रे मुख्यतः दोन. होडी कुठे आहे हे सांगणारे एक, आणि होडीखाली काय आहे हे सांगणारे दुसरे. पहिल्याला बंदरावर जीपीएस म्हणतात, दुसऱ्याला फिश फाइंडर. घेणाऱ्याला मात्र तिसरीच माहिती हवी असते: मासे कुठे आहेत? ही माहिती देणारे यंत्र अजून निघालेले नाही, आणि या खरेदीतले बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. (घोळ नावाचा मासा वेगळा. त्याच्याविषयी पुढे येईल.)

दुकानात फिश फाइंडर काचेच्या कपाटावर चालू करून ठेवलेला असतो. खाली समुद्र नाही, फार तर तळमजल्यावरचे किराणा दुकान आहे. तरी पडद्यावरच्या निळ्या पाण्यातून लाल-पिवळ्या कमानी एकामागून एक सरकत असतात. याला डेमो मोड म्हणतात. या मोडमध्ये तळ नेहमी स्वच्छ, पाणी नेहमी शांत आणि मासा नेहमी धष्टपुष्ट असतो. गिऱ्हाईक पाच मिनिटे ते बघते, मनात बर्फाचा हिशेब करते आणि मगच किंमत विचारते. दुकानदारही घाई करत नाही. त्याच्या गळाला जे लागायचे ते लागलेले असते.

ही यंत्रे येण्यापूर्वी दोन्ही कामे डोळे आणि दोरी करत. देवळाचा कळस डोंगराच्या खिंडीत आला आणि दुसऱ्या बाजूला दीपगृह ताडाआड गेले की होडी नेमकी खडपावर आली असे समजायचे. दोन रेषा छेदतात तो बिंदू, एवढीच त्यातली भूमिती. तिला निशाणी म्हणत. ती बाप मुलाला सांगे, जावयाला सांगेलच असे नाही. खोलीसाठी शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडायची आणि वावेने मोजायची. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर, साधारण सहा फूट. त्यामुळे बुटक्या खलाशाने मोजलेला समुद्र जरा जास्तच खोल भरे. गोळ्याच्या बुडाला चरबी लावली की तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई आणि खाली काय आहे ते कळे. या सगळ्याला बॅटरी लागत नसे. धुके पडले की मात्र निशाणी हरवे, आणि हल्ली धुके नसतानाही हरवते, कारण ताडाच्या जागी रिसॉर्ट उभे राहिलेले असते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि दोनच गोष्टी सतत सांगत राहतात: आपण कुठे आहोत, आणि आत्ता किती वाजले. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून होडीवरचे यंत्र प्रत्येक उपग्रहापासूनचे अंतर काढते. जागा ठरवायला खरे तर तीन उपग्रह पुरावेत. चौथा लागतो तो होडीवरच्या यंत्रातले घड्याळ स्वस्त असते म्हणून. वर अणुघड्याळ, खाली मनगटी घड्याळाच्या जातीचे क्वार्ट्झ. आणि हे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकते. चौथा उपग्रह ती चूक पकडतो. चार जण काय म्हणतात याचा विचार केल्याशिवाय हे यंत्र आपली जागा ठरवू शकत नाही. त्या अर्थाने ते पुरते मध्यमवर्गीय आहे.

मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरिकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे आणि दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत सरके. ती भेसळ बंद झाली तेव्हा चूक दहा-पंधरा मीटरवर आली आणि खडपावर जाळे फाटण्याचे एक सबळ कारण हातातून गेले. भारताच्या स्वतःच्या यंत्रणेचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सुटला आणि २०१६ मध्ये तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. घेताना एकाहून अधिक यंत्रणांचे उपग्रह पकडणारे यंत्र घ्यावे. ते जास्त महाग नसते, आणि एका शेजाऱ्यावर अवलंबून राहण्यापेक्षा दोन बरे, हे चाळीत राहिलेल्या कोणालाही पटेल.

या यंत्राच्या एक-दोन खोडी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. होडी चालू असताना पडद्यावरचा बाण बरोबर दिशा दाखवतो. नांगर टाकला की तोच बाण अंगात आल्यासारखा घुमू लागतो. कारण जीपीएसला होडीचे तोंड कुठे आहे हे कळतच नाही, ती कुठे सरकली एवढेच कळते. न सरकणाऱ्याविषयी त्याला काहीही मत नसते. दुसरी खोड मोबाइलवरच्या काही ॲपची. ती कोकणच्या समुद्रात होडीची उंची उणे साठ मीटरहूनही खाली दाखवतात. होडी बुडालेली नसते. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीला गुळगुळीत लंबगोल मानून, आणि खरा समुद्र गुरुत्वाकर्षणातल्या फरकांमुळे त्या लंबगोलाच्या कुठे वर, कुठे खाली असतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला तो शंभर मीटरहून अधिक खाली बसलेला आहे आणि आपला किनारा त्याच खळग्याच्या उतारावर येतो. यंत्राचे म्हणणे त्याच्या जागी बरोबरच असते. फक्त हा आकडा घरी फोन करून सांगू नये.

मोबाइल आहेच, तर वेगळा जीपीएस कशाला, हा प्रश्न प्रत्येक घरातून एकदा तरी येतो. मोबाइलला जागा कळायला रेंज लागत नाही हे खरे. पण नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल तर रेंज गेल्यावर तो एक निळा चौकोन दाखवतो आणि त्या चौकोनात मधोमध एक ठिपका. आपण समुद्रात आहोत एवढे त्यावरून निश्चित होते. शिवाय ओल्या, खवले लागलेल्या बोटाला टचस्क्रीन ओळख दाखवत नाही. होडीवर बटणांचे यंत्र घ्यावे, आणि बटणे पुरेशी मोठी असावीत.

नकाशाचा प्रकार त्याहून गमतीचा. भारताच्या समुद्राचे अधिकृत नकाशे देहरादूनला तयार होतात, जिथून कुठलाही समुद्र हजार किलोमीटरहून दूर आहे. नकाशे उत्तम असतात. बहुधा दुरून समुद्राकडे शांतपणे बघता येत असावे. परदेशातून कोणाच्या तरी भाच्याने आणलेल्या यंत्रात मात्र अमेरिकेतल्या तळ्यांचे तपशीलवार नकाशे भरलेले निघतात आणि मालवण नावाला असते. आपल्या किनाऱ्याचे कार्ड वेगळे घ्यावे लागते, हे यंत्र घेण्याआधी विचारावे. नकाशावर छापलेली खोली ओहोटीची असते, म्हणजे एरवी पाणी त्याहून जास्तच मिळते. याला एक अपवाद, आणि तो नेमका रोजच्या वाटेवरचा: खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा. तो दर पावसाळ्यात हलतो. नकाशा काढणाऱ्याला विचारून हलत नाही.

जागेचे आकडे लिहायच्या तीन तऱ्हा आहेत आणि त्यांनी जितकी नाती बिघडवली तितकी जमिनीच्या वाटणीनेही बिघडवली नसतील. समजा, चुलतभावाने खडपाचे अक्षांश सांगितले: सोळा, तीन, तीस. त्याच्या यंत्रात ते १६ अंश ३.३० मिनिटे आहेत. ऐकणाऱ्याने ते १६ अंश ३ मिनिटे ३० सेकंद असे भरले. मिनिटाचा दशांश आणि सेकंद वेगळे. ३० सेकंद म्हणजे अर्धे मिनिट, ०.३० मिनिट म्हणजे फक्त १८ सेकंद. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. हिशेब केला तर होडी खडपापासून ३७० मीटर दूर जाऊन उभी राहते, तिथे तांबोशी सोडा, दगडही नसतो, आणि चुलतभावाने मुद्दाम चुकीचे लोकेशन दिले ही बातमी संध्याकाळपर्यंत वाडीभर होते. चुलतभाऊही सफाई देत नाही. एरवी त्याने लोकेशन चुकीचेच दिले असते. या वेळी प्रामाणिकपणा अंगाशी आला.

जवळजवळ प्रत्येक यंत्रावर ‘माणूस पाण्यात पडला’ याचे एक बटण असते. ते दाबले की ती जागा त्याच क्षणी नोंदली जाते आणि परतीची वाट दिसू लागते. हे बटण मोठे, एका दाबात चालणारे असल्यामुळे चांगला मासा लागल्यावरही तेच दाबायचा मोह होतो. वर्षअखेरीस यंत्राच्या यादीवरून पाहिले तर त्या होडीवरून चाळीसेक माणसे पडलेली असतात आणि सगळी सुरमईच्या मोसमात.

आता फिश फाइंडर. हे नाव विक्रीखात्याने ठेवलेले असावे, कारण यंत्र काहीच शोधत नाही. ते खाली तोंड करून ओरडते आणि प्रतिध्वनी ऐकते. मासेमारीसाठी असे यंत्र पहिल्यांदा बाजारात आणले ते जपानच्या फुरुनो बंधूंनी, १९४८ साली. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. पंधरा मीटर खोलीवरून जाऊन यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. ओरडण्याचे आणि ऐकण्याचे काम होडीच्या बुडाशी लावलेला ट्रान्सड्यूसर करतो. पेटीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि सगळ्यात कमी लक्ष वेधणाराही हाच. गिऱ्हाईक पडद्याची लांबी इंचात मोजत असते.

हे ओरडणे टॉर्चच्या झोतासारखे, खाली जाताना पसरत जाते. २०० किलोहर्ट्झचा झोत अरुंद आणि बारकावे दाखवणारा. ५० किलोहर्ट्झचा रुंद, खोल जाणारा आणि ढोबळ. झोताचा कोन वीस अंशांचा धरला तर दहा वाव पाण्यात तळावर त्याचे वर्तुळ जेमतेम सहा मीटर रुंद पडते. अरबी समुद्रातले सहा मीटर! लग्नाच्या स्टेजएवढी जागा. तिच्या बाहेर, हाकेच्या अंतरावर, तारलीचा अख्खा थवा जात असला तरी पडद्याला त्याची खबर नसते. लहान होडी जिथवर जाते तिथल्या उथळ पाण्याला २०० किलोहर्ट्झ पुरते. दोन्ही कंपनांचे यंत्र मिळाले तर उत्तम. एका सुरात ओरडण्याऐवजी सूर चढवत नेणारे ‘चर्प’ जातीचे यंत्र जवळजवळच्या दोन माशांना दोन म्हणून दाखवते. साधे यंत्र त्यांना एकच मोठा मासा समजते, आणि खलाशांनाही तेच अधिक आवडते.

पडदा वाचताना होणारी मुख्य चूक म्हणजे तो टीव्हीसारखा बघणे. टीव्हीत दिसते ते चालू असते. इथे फक्त उजव्या कडेची एक उभी रेघ आत्ताची असते. डावीकडे सरकलेले सगळे होऊन गेलेले. पडद्याच्या मध्यावर दिसणारा मासा होडीच्या मागे राहिलेला आहे, आणि डावीकडचा तर आता दुसऱ्याच्या जाळ्यात असू शकतो. हे यंत्र म्हणजे समुद्राचा इतिहास आहे, आणि इतिहासाकडे बोट दाखवून ‘तो बघ, तो बघ’ म्हणणाऱ्यांची कमतरता कुठेच नसते.

माशाची कमान दिसते ती मासा वाकडा असतो म्हणून नव्हे. होडी पुढे जाताना मासा झोताच्या कडेत येतो तेव्हा दूर असतो, बरोबर खाली आला की जवळ, आणि बाहेर पडताना पुन्हा दूर; ते बदलणारे अंतर कमानीसारखे उमटते. होडी उभी असेल तर कमान होतच नाही. नांगरलेल्या होडीखाली एखादा आळशी गोबरा दहा मिनिटे तरंगत राहिला, तर पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब पट्टा उमटतो. नवख्याला तो महाकाय वाम वाटतो आणि होडीत कोयती शोधली जाते.

याहून मोठी फसगत ‘फिश आयडी’ या सोयीची. ती चालू केली की यंत्र कमानींच्या जागी माशांची लहान-मोठी चित्रे काढते. पाण्यात मधल्यामध्ये तरंगणारे जे काही प्रतिध्वनी देईल ते त्याच्या दृष्टीने मासा. मुंबईच्या आसपासच्या पाण्यात या व्याख्येत प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोल आणि निर्माल्य यांचा समावेश होतो. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पडद्यावर दिसणारी मासळी या किनाऱ्याने कधीच पाहिलेली नसते. ही सोय बंद ठेवावी, असे माहितगार सांगतात. लहान मुले होडीवर असली तर चालू ठेवायला हरकत नाही.

मासा प्रतिध्वनी देतो तो मुख्यतः पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. पाण्यातून जाणारा आवाज हवेवर आपटला की जोरात परत फिरतो. घोळ माशाच्या याच पिशवीला बोत म्हणतात. वाळवलेल्या बोताला परदेशात असा भाव मिळतो की एका फेरीत होडीचे कर्ज फिटल्याच्या बातम्या येतात. म्हणजे घोळीला महाग करणारा आणि यंत्राकडे चहाडी करणारा अवयव एकच. मुशी आणि पाकट यांना ही पिशवी नसते, म्हणून ती अंगाने मोठी असून पडद्यावर फिकी उमटतात. कोळंबीचे तर नावच नको. कोळंबी धरायला निघालेल्याने हे यंत्र तळ पाहण्यासाठी घ्यावे.

आणि तळ पाहणे हेच त्याचे खरे काम. चिखलाचा तळ पातळ आणि मवाळ रेघ देतो, खडकाचा जाड आणि ठसठशीत. खडक फारच कडक असला तर आवाज वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर आपटतो आणि पुन्हा खाली जातो, त्यामुळे दुप्पट खोलीवर दुसरा तळ उमटतो. समुद्राखाली आणखी एक समुद्र सापडल्याचा आनंद यात काही काळ घेता येतो. खोलीचे एकक आधी तपासावे. यंत्र कारखान्यातून बहुधा फुटांवर लावून येते आणि तांडेल विचार करतो वावेत. २० हा आकडा एकाला निर्धास्त करतो आणि दुसऱ्याला घाम फोडतो. यादीतले ‘फॅदम’ म्हणजे आपली वावच. खाडीत शिरताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची असते. ट्रान्सड्यूसर पिछाडीला असतो, त्यामुळे पाणी उथळ झाल्याची सूचना तो प्रामाणिकपणे देतो, पण तोवर नाळ वाळूत गेलेली असते.

खोक्यावरच्या आकड्यांविषयी. पूर्वी म्युझिक सिस्टिमवर पीएमपीओ नावाने हजारो वॉट छापलेले असत आणि घरात ट्रान्झिस्टरएवढा आवाज येई. ती परंपरा इथे जिवंत आहे. खोक्यावर ‘४,००० वॉट पीक टू पीक’ असेल तर त्याला आठाने भागावे: खरी शक्ती ५०० वॉट. तीही दहा-पंधरा वाव पाण्याला भरपूर झाली. ‘१,५०० फूट खोलीपर्यंत’ हा दावा पडताळण्यासाठी लहान होडी इतकी दूर न्यावी लागेल की परतीचे पेट्रोल हा अधिक निकडीचा प्रश्न होईल.

बसवण्यात यंत्राची निम्मी अक्कल राहते किंवा जाते. घट्ट फायबरच्या बुडातून आवाज आरपार जातो, म्हणून तिथे ट्रान्सड्यूसर आतून चिकटवता येतो. लाकडी होडीत हे जमत नाही. लाकूड आवाज पिऊन टाकते. तिथे तो पिछाडीच्या फळीला बाहेरून लावावा लागतो, पंख्याच्या फेसापासून दूर, कारण फेसातले बुडबुडे म्हणजेही हवाच. पंख्याला चिकटून लावलेला ट्रान्सड्यूसर होडी पळवली की पडदाभर मासे दाखवतो आणि थांबवली की एकही नाही. यावरून मासे होडीच्या मागे धावतात असा सिद्धांत मांडला गेला तर ऐकून घ्यावे.

वीज बारा व्होल्टची लागते. इंजिनाच्याच बॅटरीवर जोडले तर स्टार्टर मारताच व्होल्टेज पडते आणि यंत्र बंद होऊन नव्याने सुरू होते, आधी कंपनीचे चिन्ह, मग इशारा, मग ‘मान्य आहे’चे बटण. तोवर थवा गेलेला असतो. वेगळी लहान बॅटरी ठेवावी, वाटेत फ्यूज घालावा, आणि तांब्याची तार कथिल चढवलेली घ्यावी. साधी तार खारे वारे दोन मोसमांत हिरवी करतात. आयपीएक्स-७ लिहिले असेल तर यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. ही चाचणी गोड्या पाण्यातली. पडदा उन्हात दिसणारा असावा, आणि दुकानाच्या बाहेर नेऊन दुपारी बघावा. बघताना ध्रुवीकृत काचांचा गॉगल घातलेला असेल तर काही कोनांतून पडदा संपूर्ण काळा दिसतो. अशा वेळी यंत्र परत करायला जाण्यापूर्वी गॉगल काढून बघावा.

मासे कुठे असतील याचा अंदाज खरोखर देणारी एक सोय आहे, आणि ती होडीवर बसवावी लागत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून संभाव्य मासेमारी क्षेत्रे कळवते. नकाशे देहरादूनचे, सल्ला हैदराबादचा. किनाऱ्यावर फक्त डिझेलचे बिल येते. सल्ला चांगला असतो, पण तो सगळ्यांना एकाच वेळी मिळतो. त्या जागी वीस होड्या जमतात, वीसही यंत्रे २०० किलोहर्ट्झवर ओरडू लागतात आणि एकाचे ओरडणे दुसऱ्याच्या पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी काढते. ग्रामसभेत बसलेल्याला हा अनुभव नवा नाही.

उरलेल्या यंत्रांवर वेळ घालवण्याचे कारण नाही, ती घ्यावीच. व्हीएचएफ वायरलेस, ज्याचा १६ नंबरचा चॅनेल संकटासाठी राखलेला असतो आणि ज्यावर जेवणाचा मेनू विचारू नये. इस्रोच्या तंत्रावरचा ट्रान्सपाँडर, जो एक लाख नौकांवर बसवण्याच्या योजनेची सुरुवात ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून झाली आणि ज्यावरून रेंज नसतानाही संदेश जातो-येतो. आणि होकायंत्र. आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नसतो; अशी सोय जगात फार थोड्या खलाशांच्या वाट्याला येते. म्हणूनच होकायंत्राच्या शेजारी गाण्यांचा स्पीकर ठेवून, त्यातल्या चुंबकाने ती सोय आठ-दहा अंश बिघडवण्याचे काम माणसाला स्वतःच करावे लागते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. यंत्र ब्रॅकेटवरून काढावे, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावे, जोडण्यांना ग्रीस लावावे आणि घरात कोरड्या जागी ठेवावे. दोन महिने ते अगदीच बंद राहू नये म्हणून अधूनमधून बॅटरीला जोडून पाहतात. खाली पाणी नसल्याचे ओळखून काही यंत्रे आपणहून विचारतात, डेमो चालू करू का? बाहेर पाऊस कोसळत असतो. कपाटावर निळा समुद्र सुरू होतो, कमानी सरकू लागतात, शेजारपाजारचे दोन-चार जण चहा घेऊन समोर बसतात, आणि तो बांगडा की सुरमई यावर वाद चालतो.